ब्लूगिलच्या नावाने विकलेला किट

'सगळं काही एकाच डब्यात' म्हणून आलेल्या मासेमारीच्या किटमध्ये नग दीडशे. त्यातले ब्लूगिलच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका छोट्या माशाच्या, कामाचे वीसही नाहीत. जाहिरातीत नगांचा आकडा ठळक होता, माप मात्र कुठेच नव्हतं.

गळांच्या पाकिटावर 'छोट्या माशांसाठी', आत २ आणि ४ नंबरचे गळ. या मापात नंबर वाढला की गळ लहान होतो. नवख्याला हे ठाऊक नसतं आणि विकणाऱ्याचं फावतं. ब्लूगिलचं तोंड इवलंसं. त्याला ८ किंवा १० नंबरचा, बारीक तारेचा, लांब दांडीचा गळ हवा. दांडी लांब असली की सोडवतानाही सोपं जातं. मोठा गळ लावला की तरंडा (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा) नुसता थुडथुडतो आणि वर येतं ते कुरतडलेलं गांडूळ. मग माणूस आमिषाला दोष देतो आणि वासाची 'हमखास' बाटली मागवतो, तीही त्याच विक्रेत्याकडून!

दोरीतली लबाडी जास्त पक्की. रिळावर छापलंय ०.१८ मिमी, ताकद ८ पाउंड. साधी नायलॉन दोरी एवढी बारीक असेल तर ४ पाउंडांच्या आसपासच तोलते. मोजली तर ही निघाली ०.२६ मिमी, दणकटपणाचं गुपित एवढंच. जाड दोरी वेटोळी धरते, हलकं आमिष लांब जात नाही. मोजायला व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, नसला तरी चालतं. पेन्सिलीवर एकाला एक चिकटून ५० वेढे घ्या आणि पट्टी लावा. ०.१८ची दोरी ९ मिमी जागा व्यापते, ही १३ व्यापते.

तरंडा लिंबाएवढा. मासा ओढायला गेला की त्याला ओझं जाणवतं आणि तो आमिष थुंकतो. बारीक काडीचा तरंडा घ्यावा, गळाच्या वीतभर वर शिशाचे दाणे दाबावेत, तरंड्याचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील इतकेच. गांडूळ अख्खं नको, दोनेक सेंटीमीटरचा तुकडा पुरतो.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढून बघा. रुतलं तर ठीक. घसरलं तर बोथट. पक्कडीत धरून हलकं दाबल्यावर वाकून तसाच राहिला, तर तार कच्ची.

पाकीट फोडताना व्हिडिओ काढा. तक्रारीत 'मासा लागत नाही' लिहिलंत तर ती झटकून टाकणं सोपं असतं. 'छापील ०.१८, मोजलेलं ०.२६, फोटो सोबत' असं लिहा.