एजन्सीची बाई की गावातली ताई? घरच्या रुग्णसेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

रुग्ण अर्धांगवायूचे. उजवी बाजू गेलेली, लघवीची नळी, पातळ जेवण तोंडाने, वजन ५८ किलो. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत. पहिले सहा महिने एजन्सीकडून ठेक्यावर २४ तासांची बाई होती. पुढचे आठ महिने गावातल्याच दोन ताई थेट पगारावर, एक दिवसाची आणि एक रात्रीची.

एजन्सीला आपण पैसे मोजतो ते खरं तर बदलीचे. बाई आजारी पडली की दुसरी येणार, पोलीस व्हेरिफिकेशन त्यांचं, रजा-पगाराची कटकट त्यांची. नागपूर-अमरावतीत हे जमतं. आमच्या करारात '२४ तासांत बदली' लिहिलं होतं आणि एजन्सीने ते पाळलंही. पण शेवटची एसटी गेली की बदली दुसऱ्या दिवशी दुपारीच पोहोचते. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणजे २४ तासांत १२ वेळा. त्या १२ वेळा घरच्यांनाच उठावं लागतं. खेड्यात राहणाऱ्याने करार वाचताना एवढा एक हिशेब नक्की करावा.

दुसरी अडचण जास्त नुकसानीची. सहा महिन्यांत पाच बाया बदलल्या. प्रत्येक जण कामाची होती, पण कातडी ओळखायला एकच हात आणि एकच डोळा लागतो. माकडहाडावर लाली दिसली की बोटाने दाबायचं. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर ती बेडसोरची (पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेची) सुरुवात, त्या बाजूला झोपवणं बंद. टाच आणि खुब्याचं हाड यांनाही हेच. ही लाली काल रुपयाएवढी होती की आज वाढली, हे नव्या बाईला कळणार कसं? एअर बेडचंही (पंपाने हवा भरायच्या गादीचंही) तसंच झालं. एका बाईने मायेने वरून जाड गोधडी घातली आणि बेडचा उपयोगच संपला. त्यावर एकच पातळ सुती चादर हवी. पंपाला वीज जेमतेम १० वॅटच्या आसपास लागते, म्हणून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच लावा. लाईट गेली की हवा हळूहळू उतरते आणि पाठ लाकडाला टेकते.

थेट ठेवल्याने पैसे वाचतील असं समजू नका. एजन्सीला महिना २४,००० जात होते, त्यातले बाईच्या हातात १५,००० पडत. आता दोघींना १२-१२ हजार, म्हणजे बेरीज तीच. फरक एवढाच की सगळे पैसे काम करणाऱ्या हातात जातात. महिन्याला दोन-दोन पगारी सुट्ट्या आहेत, त्या दिवशी घरचे उभे राहतात.

मात्र व्यवस्थापन पूर्ण आपल्या अंगावर येतं. पहिले आठ दिवस शिकवण्यात जातात. खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी घडीची चादर अंगाखाली ठेवायची आणि दोघांनी दोन्ही कडांना धरून सरकवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही, त्याने रुग्णाचा लुळा खांदा निखळतो आणि ताईची कंबर जाते. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. जेवताना पाठ उंच, नंतर अर्धा तास तशीच. भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग टांगला आहे: वेळ, डावी-उजवी कूस, लघवी किती मिली, लाली कुठे. ड्यूटी बदलताना दोघी एकत्र पाठ बघतात, मगच पहिली घरी जाते.

नळी बदलणं यांच्याकडून कधीच करून घेऊ नका. ते काम भेटीच्या हिशेबाने नर्सकडेच द्यावं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी मागून बघावी. अशा ठरावीक कामाला ठेकाच बरा. रोजच्या सेवेला मात्र ठेक्याचं नाव देऊन स्टॅम्प पेपर करण्यात अर्थ नाही. वेळ, काम, सुट्टी आणि पगार आपण ठरवतो, तर ती आपली नोकरीवरची माणसं. कागदावरच्या शब्दाने जबाबदारी टळत नाही. दोघींची घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करून द्या (वय १८ ते ६०). वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आपल्या खर्चाने काढा. त्यात अपघाती मृत्यू आणि अपंगत्वच येतं, कंबरदुखी नाही. तो दवाखान्याचा खर्च आपलाच. पगार ठरल्या तारखेला खात्यात. उचल दिली तर वहीत सही आणि हप्ता किती ते तेव्हाच ठरवायचं.

एकाच घरातल्या सासू-सुना ठेवू नका, एका लग्नाला दोघी जातात.

सगळ्यात कठीण काळ हंगामाचा. सोयाबीनची सोंगणी आणि मागोमाग कापूस वेचणी आली की वावरात सोंगणीला एकरावर आणि वेचणीला किलोवर मजुरी मिळते आणि बाया तिकडे वळतात. त्यांचं चुकत नाही, वर्षाची कमाई त्याच दिवसांत होते. म्हणून पोळ्यानंतरच बसून बोलून घ्या: वेचणीच्या महिन्यांचा वाढीव पगार किती, दिवसाच्या ताईला सकाळचे चार तास मोकळे हवेत का, त्या वेळात घरचं कोण बसणार. आमच्याकडे सकाळी सात ते अकरा असे मोकळे दिले. ती आंघोळ, स्पंजिंग आणि पाठीची तपासणी अकरानंतर करते, मधल्या दोन कुशी घरचे बदलतात.