निरोपाचं बी-कागदी कार्ड : सह्या ठेवायच्या की पेरायच्या?

पर्यावरण संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्याला निरोप देताना प्लास्टिकच्या वेष्टनातलं चकचकीत कार्ड शोभत नाही. बी-कागदाचं कार्ड शोभतं, पण पारखून घ्यावं लागतं.

सुती चिंध्यांच्या किंवा रद्दीच्या लगद्यात बिया मिसळून हा कागद हातानं बनवतात. त्यात तुळस, झेंडू, टोमॅटो अशी बारीक बीच नीट बसते. ‘यातून महावृक्ष उगवेल’ असं लिहिलेलं कार्ड खुशाल परत ठेवा. पॅकिंगची तारीख नसेल तरीही तेच. बी जुनी झाली की उगवण घटते.

खरी अडचण सह्यांची. कागद खडबडीत आणि शोषणारा, त्यामुळे शाई पसरते आणि बॉलपेन बियांवर अडखळतं. मऊ पेन्सिल बरी. मजकूर छापायचा तर स्क्रीन प्रिंटिंग करा; लेझर प्रिंटरची उष्णता बियांना मारक ठरते, कागद अडकतो तो वेगळाच.

आणि वर्षानुवर्षांच्या सोबत्यांच्या सह्या मातीत कोण घालणार? म्हणून दोन भागांचं कार्ड घ्या: सह्यांना साधा पुनर्वापरित कागद, पेरायला फाडून घ्यायची बी-कागदाची पट्टी.

पट्टी रात्रभर भिजवून भुसभुशीत मातीवर आडवी ठेवा, वर जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर माती. खोल पुरली तर कोंब वर येत नाही, पाणी तुंबलं तर बुरशी, मध्येच वाळली तर सगळंच गेलं.

सहकारी परदेशी जाणार असेल तर पट्टी इथेच पेरा. बियाणं नेण्यावर अनेक देशांत निर्बंध असतात.