18 सेंटीमीटरचा फ्लोटिंग स्टिकबेट: वरच्या पाण्यातल्या ट्यूनासाठी घेतला होता, अकरा ट्रिपनंतर सांगतोय

आधीच सांगतो, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझ्या पीसमधे जी खोट निघाली ती त्या एका बॅचचीपण असू शकते, आणि तसाही हा रिव्ह्यू ब्रँडपेक्षा या प्रकारच्या ल्युअरचाच, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाचाच जास्त आहे. 18 सेमी लांब, 75 ग्रॅम, एबीएस प्लास्टिकची बॉडी, नाकापासून शेपटीपर्यंत आतून आरपार तार, पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचे, हूक. पाण्यात पडला की तरंगतो, पण आडवा नाही, शेपटीकडे वजन असल्याने तोंड वर करून तिरका उभा राहतो. हे तिरकं उभं राहणं लक्षात ठेवा, सगळा खेळ त्यावर आहे.

याच्याआधी मी फक्त पॉपर मारायचो. पॉपरचं तोंड खोलगट असतं, झटका दिला की पाणी फेकतो, मोठा आवाज होतो, समुद्र खवळलेला असला किंवा मासे पांगलेले असले की त्या आवाजाने लांबचा मासा येतो, त्यात वाद नाही. पण काचेसारखं शांत पाणी असलं की हाच आवाज जास्त होतो, मासे मागे येऊन वळून जाताना मी कितीदा तरी बघितलेत. आणि तासभर पॉपर मारला की खांदे भरून येतात ते वेगळंच. स्टिकबेटला तोंडाला खड्डा नाही, तो पाणी फेकत नाही, ओढला की पाण्याखाली शिरतो आणि नागमोडी जातो, मागे बुडबुड्यांची बारीक रेघ सोडतो, अगदी घाबरून पळणाऱ्या माशासारखा.

आता चालवायचा कसा ते नीट लिहितो कारण पहिल्या तीन ट्रिप मी हेच चुकीचं करत होतो आणि ल्युअरला दोष देत होतो. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. तिथून बाजूला एक लांब, सलग ओढ, साधारण मीटर-दीड मीटर, झटका नाही. ल्युअर खाली शिरला पाहिजे, पाण्यावर घसरत आला तर तुम्ही फार जोरात ओढताय. मग रॉड परत पुढे न्यायचा आणि सैल पडलेली लाईन रीलने गोळा करायची, फक्त सैल तेवढीच, ल्युअर हलता कामा नये. तेवढ्या वेळात तो हळूहळू वर येतो आणि परत तिरका उभा राहतो. एक, दोन, कधी तीन सेकंद तसाच सोडायचा. मग पुढची ओढ. मी पहिले थांबतच नव्हतो, मासे दिसले की हात आपोआप जोरात चालतो ना, ट्यूना एवढा वेगवान मासा म्हणून आपणही वेगात ओढायचं असं डोक्यात बसलेलं असतं. चौथ्या ट्रिपला लाईनचा गुंता सोडवायला थांबलो आणि नेमका त्या थांबलेल्या ल्युअरवर खालून मासा आला, तेव्हा कळलं. त्यानंतर मला जेवढे मासे लागले त्यातले बहुतेक थांबलेल्या किंवा वर येणाऱ्या ल्युअरवरच लागले.

अजून एक, पाणी उसळलं म्हणून लगेच रॉड मारायचा नाही. बरेचदा मासा पहिल्या वेळी नुसता धडकतो किंवा चुकतो. ल्युअर तिथेच राहू दिला तर तो वळून परत येतो, ओढून घेतला तर गेला. हाताला वजन लागलं की मगच घट्ट धरा.

ल्युअर कितीही चांगला असू दे, बोट चुकीची नेली तर उपयोग शून्य. पक्षी खाली सूर मारताना दिसले की लोक बोट सरळ खालच्या माशांच्या कळपावर घालतात आणि मग सगळे मासे खाली बुडी मारतात. मासे कुठल्या दिशेला सरकताहेत ते आधी बघा, त्यांच्या पुढे जा, वाऱ्याच्या बाजूला थांबा, इंजिन न्यूट्रलला, आणि बोट वाहत येऊ दे. वारा पाठीशी असला की हा 75 ग्रॅमचा ल्युअर लांब जातो, हवेत गोल फिरत नाही, कास्टिंगला मी याला पूर्ण मार्क देतो. टाकायचा कळपाच्या मधे नाही, पुढच्या कडेला.

जिथे हा चालत नाही तेपण सांगायला हवं. ट्यूना बोटाएवढे बारीक मासे खात असतील तर 18 सेमीकडे बघतसुद्धा नाहीत. समोर पाणी उकळल्यासारखं दिसतंय, मासे उड्या मारताहेत आणि आपल्या ल्युअरला कोणी विचारत नाही, असा पूर्ण अर्धा तास मी काढलाय आणि फार वाईट वाटलं होतं. तेव्हा 10-12 सेमीचा सिंकिंग, म्हणजे बुडणारा, स्टिकबेट किंवा लहान मेटल जिग, म्हणजे धातूचा जड ल्युअर पाहिजे, आणि तो मात्र सलग आणि जोरात रील करायचा. एकच ल्युअर घेऊन जाऊ नका एवढंच.

आता खोट. सोबत आलेले हूक आणि स्प्लिट रिंग (हूक ल्युअरला अडकवायची कडी) या ल्युअरच्या लायकीचे नाहीत. सहाव्या ट्रिपला चांगला मासा लागला, दहाएक मिनिटं झाली आणि लाईन एकदम सैल. ल्युअर परत आला तर पोटाच्या हूकचे दोन काटे सरळ झालेले आणि स्प्लिट रिंग उघडलेली. माझा ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, 9 किलोला होता, 80 पाउंडची ब्रेडेड (विणलेली) लाईन म्हणजे साधारण 36 किलो, त्याचा चौथा हिस्सा, वजनकाट्याला ओढून सेट केलेला, म्हणजे अजिबात जास्त नव्हता. समुद्रातल्या मोठ्या माशाचा म्हणून विकताय तर हूक तसे द्या ना. त्या दिवशी रात्री झोप लागली नाही.

मग मी जाड हूक लावले आणि दुसरंच लफडं झालं. मूळ हूक 8 ग्रॅमचे, नवे 13 चे, दोन्ही मिळून 10 ग्रॅम वाढले आणि ल्युअर जेमतेम तरंगायला लागला, वर यायला उशीर, नागमोडी चालपण गेली. म्हणून हूक बदलताना आधी वजन करा आणि बादलीत नाहीतर टबमधे सोडून बघा. शेवटी पोटाला जाड ट्रेबल आणि शेपटीला हलका सिंगल हूक ठेवला, चाल परत आली. सिंगल हूकचा दुसरा फायदा म्हणजे मासा सोडायचा असेल तर त्याची चिरफाड होत नाही, काट्याची उलटी बारीक नोकपण मी पक्कडीने दाबून टाकतो, स्वतःच्या हातात घुसला तरी निघतो मग. ट्यूनाला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, तोंडातून पाणी कल्ल्यांवर जात राहिलं पाहिजे, म्हणून सोडताना त्याला पाण्यात नुसता धरून ठेवू नका, डोकं पुढे करून जोरात खाली सोडा.

या सेटअपवर सगळ्यात मोठा मिळाला तो पिवळ्या पराचा कुपा, यलोफिन, अंदाजे 22 किलो. पहिली धाव सुसाट, त्यात काही करायचं नसतं, जाऊ द्यायचं. खरी मेहनत शेवटी, बोटीखाली तो गोल गोल फिरायला लागतो तेव्हा. तोंड आपल्याकडे वळलं की छोट्या छोट्या पंपने, म्हणजे रॉड थोडा उचलून आणि खाली नेताना रील करून, लाईन घ्यायची, तोंड लांब गेलं की फक्त धरून राहायचं. 100 पाउंडचा लीडर (लाईनच्या टोकाला जोडलेला जाड दोरा) आणि तो लाईनला जोडणारी एफजी नॉट ही गाठ, दोन्ही टिकले. नॉट रॉडवरच्या गाईडमधून, म्हणजे कड्यांमधून, विनाआवाज जाते तेवढी बारीक बांधता आली पाहिजे, घरी बसून वीसपंचवीस वेळा बांधा.

रंग तीन महिन्यात दातांनी खरवडला, आतलं प्लास्टिक दिसतंय, पण मासे घेतात अजून, त्याचे मार्क कापत नाही. बॉडीला चीर मात्र दर ट्रिपनंतर बघा, कानाजवळ हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते ऐका, पाणी शिरलं की संपला. कास्ट करताना मागे कोण उभं आहे ते बघून मगच रॉड मागे न्या, दोन हूकवाला 75 ग्रॅमचा दगड आहे तो.

बॉडी, कास्टिंग, चाल: 5 पैकी 5. हूक आणि रिंग: 1. मी दुसरा ऑर्डर केलाय, आणि त्याच पार्सलमधे जाड स्प्लिट रिंगचं पाकीटपण.