टेंडरमध्ये देशी मालाची सक्ती की नुसतं झुकतं माप?

धुळ्यातल्या एका नगरसेवक मित्राला पेच पडलाय: शहर बस घ्यायच्या, तर देशी मालाची अट कशी घालावी?

सक्तीचा नमुना अमेरिकेचा. केंद्राच्या अनुदानातून बस घ्यायची तर किमतीच्या हिशोबाने ७० टक्क्यांहून जास्त सुटे भाग देशी, शेवटची जुळणीही तिथेच. आपल्या केंद्र सरकारचा २०१७ चा खरेदी आदेश झुकत्या मापाचा. ज्याच्या मालाच्या किमतीत ५० टक्के किंवा जास्त वाटा देशी, त्याची बोली सगळ्यात कमी बोलीपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त असली, तरी त्याला तो कमी दर मान्य करून निदान निम्मं काम घेता येतं.

पैशाच्या बाबतीत आपली पद्धत सरस. दर खालचाच राहतो. तिकडे दराच्या कारणावरून सूट मागायची, तर देशी माल २५ टक्क्यांहून महाग पडावा लागतो.

तपासणीत मात्र अमेरिका कडक. ऑर्डरआधी आणि बस आल्यावर, दोनदा पडताळणी. आपल्याकडे १० कोटींपर्यंत पुरवठादाराचं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. चालतं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे!

खरी गोम सुट्या भागांत. टक्केवारी बॉडी, काचा, सीटांवरही भरते. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि तो बाहेरून मागवायचा असला, की गाडी डेपोत उभी. दोन्ही पद्धती यावर गप्प.

शेकडो बस एकदम घेणाऱ्याला सक्ती परवडते, कारखानदार त्याच्यासाठी इथे येईल. धुळे, नंदुरबारसारख्यांनी झुकतं मापच घ्यावं, आणि कोणता भाग किती दिवसांत मिळणार हे करारात दंडासकट लिहून घ्यावं.