ताजच्या जुन्या इमारतीतला सहकुटुंब मुक्काम

अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात राहायचे असेल, तर मुक्काम जुन्या इमारतीतच, म्हणजे पॅलेस विंगमध्येच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. शेजारचा टॉवर सत्तरच्या दशकातला. तेथील वरच्या मजल्यांवरून समुद्र लांबवर दिसतो हे खरे, पण जमशेटजी टाटांनी बांधवून घेतलेले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालेले हॉटेल म्हणजे ही घुमटाची इमारत. आमचे आरक्षण करणाऱ्या प्रवास कंपनीने परस्पर टॉवरमधील खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. हॉटेलच्या स्वागतकक्षात विनंती केल्यावर फरकाची रक्कम घेऊन त्या बदलून मिळाल्या, आणि आई-वडिलांसाठी लिफ्टजवळची खोलीही न मागता दिली गेली.

या इमारतीचा प्राण म्हणजे मधला जिना. मोठ्या घुमटाखालची जागा तळापासून वरपर्यंत मोकळी ठेवली आहे आणि तिच्या कडेने जिना मजल्यामागून मजला चढत जातो. त्याला खालून एकाही खांबाचा आधार नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य गेलेले माझे वडील पहिल्याच संध्याकाळी जिन्याच्या पोटाखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. ‘‘पायरी भिंतीत किती आत रोवली असेल, याचा विचार कर. सगळा भार तिथे आहे,’’ असे ते नातवाला समजावत होते, आणि तो लोखंडी कठड्यावरच्या नक्षीतून बोट फिरवत ऐकत होता. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी हा आराखडा केला. काम पुरे होण्याआधीच वैद्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्णत्वास नेले. वैद्यांचे नाव मराठी घरांतूनही फारसे ऐकू येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याऐवजी ऐकू येते ती दंतकथा: इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुरचनाकाराने जीव दिला. ती खोटी आहे. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला होते, जिथे आज इमारतीच्या दोन बाहूंमध्ये तरणतलाव आहे. तलावाकाठी उभे राहून वर पाहिले की ही बाजू पाठीमागची म्हणून उरकलेली नाही, हे कोणालाही पटावे. समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाले, म्हणजे हॉटेलनंतर दोन दशकांनी, हेही मुलांना नवीन होते.

पहिल्या महायुद्धात येथे रुग्णालय होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच जुन्या भागाची सर्वाधिक हानी झाली आणि दुरुस्तीनंतर तो १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. मृतांच्या स्मृतिस्थळापाशी मुलांना काय सांगावे, असा प्रश्न होता. आईने त्यांना एकेक नाव सावकाश वाचायला लावले, आणि तेवढे पुरेसे झाले.

पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. लग्न जमवण्यासाठी दोन्हीकडच्या मंडळींनी येथे भेटण्याची जुनी रीत आईला ठाऊक होती, त्यामुळे चहा चांगलाच लांबला. न्याहारी उत्तम, सेवा तत्पर. त्याविषयी निराळे लिहिण्याची गरज नाही.

दर अर्थातच जड आहेत. समुद्राकडील खोल्यांना जास्त पैसे पडतात. तरणतलावाकडील खोल्या तुलनेने स्वस्त असतात, गेटवेवरच्या गर्दीचा आवाज तेथे पोहोचत नाही आणि इमारतीची मूळ दर्शनी बाजू खिडकीतूनच पाहता येते. ज्येष्ठांसह जाणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात आणि ‘पॅलेस विंग’ हे शब्द आरक्षणाच्या कागदावर आहेत की नाहीत, ते पैसे भरण्यापूर्वी तपासावे.