तरुण संघाची चार दिवसांची सेवा: मुंबईत की नाशकातच?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम पाहणाऱ्या एका ताईंनी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सेवेसाठी मुंबईला नेऊ की इथेच थांबवू?

खर्चाचं सरळ आहे. पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट परवडतं, पण वीस जणांचा मुक्काम आणि जेवण महाग पडतं. नाशकात रात्री सगळे आपापल्या घरी.

खरा प्रश्न टिकण्याचा. मुंबईच्या वस्तीत तीन दिवस शिकवलं, लेकरांना लळा लागला आणि चौथ्या दिवशी आपण गाडीत! मला हे फार लागतं. नाशकात पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेल्यांची मुलं हंगामभर तरी पुढच्या शनिवारीही भेटतात. आणि आपल्या शरणपूरनं, नाशकातल्या या जुन्या ख्रिस्ती वस्तीनं, तर अनाथांना आणि गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा दिला.

मुंबईची जमेची बाजू एकच, पण मोठी: घरापासून दूर मुलं एकमेकांना धरून राहायला शिकतात.

संघ नवा असेल, मुलं अजून एकमेकांत मिसळलेली नसतील, आणि तिथे वर्षभर राबणारी एखादी मंडळी हाताखाली घेणार असेल, तर मुंबई. वस्तीला उपयोग हवा असेल तर नाशिकच, आणि ताई, पुढचे सहा शनिवार आत्ताच ठरवा.