किलो मोजावेत की विषभार?

कीडनाशकांचा वापर ५० टक्क्यांनी कमी करायचा, हे ठरायला फार वेळ लागत नाही. ५० टक्के कशाचे, या प्रश्नावर मात्र बैठका अडतात. आमच्याही अडल्या होत्या.

शेतकऱ्यांच्या फवारणी वह्यांवरून धोरणासाठी शिफारशी काढायचं काम मी काही वर्षं केलंय. पहिले दोन हंगाम आम्ही किलोवर चाललो, म्हणजे हेक्टरी किती किलो सक्रिय घटक (औषधातला प्रत्यक्ष काम करणारा भाग) पडला ते मोजलं. मग विषभारावर आलो, म्हणजे त्या घटकाचं प्रमाण आणि त्याची विषारी ताकद यांचा एकत्र हिशेब. तुम्ही एखादा कार्यक्रम, संशोधन प्रकल्प किंवा धोरणाचं टिपण सुरू करत असाल, तर हाच निर्णय तुमच्यासमोर येईल. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. तरीही किलोची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही.

किलोचा आकडा मिळतो. विक्रीच्या नोंदी असतात, जुनी मालिका असते, अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीत देशादेशांची तुलना हेक्टरी किलोतच दिसते. शेतकऱ्याला, अधिकाऱ्याला, पत्रकाराला, कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. त्यावर वाद घालायलाही फारशी जागा नसते. ज्यांच्याकडे विक्रीच्या एकूण आकड्याशिवाय काहीच नाही, त्यांनी विषभाराच्या मागे लागून दोन वर्षं घालवू नयेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

विषभाराला माहिती जास्त लागते. प्रत्येक घटकासाठी मधमाशी, मासा, गांडूळ, सस्तन प्राणी यांच्यावरच्या चाचण्यांचे आकडे, मातीत तो किती काळ टिकतो, भूजलात झिरपतो का, फवारणाऱ्याच्या आरोग्याला काय धोका आहे, हे सगळं. मग यातल्या कशाला किती वजन द्यायचं, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत होत नाही. दोन औषधं एकाच टाकीत मिसळली तर एकत्रित परिणाम काय, याचं उत्तर यातले बहुतेक निर्देशांक देत नाहीत. आमचा पहिला तक्ता जुळवायला अख्खा हंगाम गेला.

एवढा खटाटोप करूनही मी किलो का सोडले? त्याला कारण झाल्या वाटाण्याच्या दोन वह्या.

पहिल्या शेतात भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक तीन वेळा मारलं होतं, दर वेळी हेक्टरी दोन किलो. मावा आला तेव्हा मालकांनी पानं उलटून पाहिली, मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या भरपूर दिसल्या, म्हणून ते थांबले. ‘ढालकिडे आहेत, फवारणी नाही’ असं त्यांनी तारखेसह वहीत लिहिलं होतं. दुसऱ्या शेतात भुरीवर हेक्झाकोनॅझोल तीन वेळा आणि माव्यावर इमिडाक्लोप्रिड दोन वेळा, तेही पीक फुलावर असताना.

सक्रिय घटकाचा हिशेब केला. पहिलं शेत हेक्टरी ४.८ किलो. दुसरं शेत सगळं मिळून सुमारे २०० ग्रॅम. म्हणजे आमच्या अहवालात ढालकिड्यांना काम करू देणारा माणूस चोवीसपट वाईट ठरला. रकाना लाल झाला आणि तो अहवाल तसाच शेतकऱ्यांपुढे गेला.

पहिल्या वहीचे मालक बैठक संपल्यावर थांबले. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग पुढच्या साली गंधक सोडून ते ग्रॅमवालं औषध घेऊ का? आकडा खाली येईल ना?”

आकडा खाली आलाच असता, आणि पुढच्या हंगामात तो माणूस आमच्या यशस्वी शेतकऱ्यांच्या यादीत बसला असता. मला उत्तर देता येईना. त्यांच्या प्रश्नात चूक काहीच नव्हती. जी मोजपट्टी आम्ही त्यांच्या हातात दिली होती, ती त्यांनी नीट वाचली होती.

यात वाटाण्याचं काही खास नाही. तणावर हेक्टरी किलोच्या हिशेबाने लागणारं ग्लायफोसेट आणि हेक्टरी चार-पाच ग्रॅमवर भागणारं मेटसल्फ्युरॉन, किंवा एकेकाळी किलोत पडणारं डीडीटी आणि आज १०-१५ ग्रॅमवर चालणारं डेल्टामेथ्रिन यांची हीच गोष्ट. औषधं जसजशी तीव्र होत गेली, तसतसं वजन आपोआप घटत गेलं. इमिडाक्लोप्रिडचे काही नॅनोग्रॅम पोटात गेले तरी मधमाशी मरू शकते. हेक्टरी ५० ग्रॅम म्हणजे ५,००० कोटी नॅनोग्रॅम. सगळं काही माशीपर्यंत पोचत नाही, हे उघड आहे, पण हा धोका किलोत दिसणार तरी कसा? अमेरिकेतल्या १९९२ ते २०१६ या काळातल्या वापराचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकनाशकांचं वजन घटलं, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरचा विषभारही घटला, पण परागीभवन करणारे कीटक आणि पाण्यातले अपृष्ठवंशी जीव यांच्यावरचा भार मात्र वाढला, असं त्यातून दिसलं. तो वाचताना मला त्या दोन वह्याच आठवत राहिल्या.

मधला एक मार्गही आहे. पूर्ण शिफारशीत मात्रेच्या किती फवारण्या झाल्या, ते मोजायचं. गंधकाची दोन किलोची मात्रा एक आणि डेल्टामेथ्रिनची १५ ग्रॅमची मात्राही एक. डेन्मार्कने १९८६ च्या आराखड्यापासून हा निर्देशांक वापरला आणि विक्रीचं वजन जितकं उतरलं तितक्या फवारण्या उतरल्या नाहीत, हे त्यामुळेच त्यांच्या लक्षात आलं. फ्रान्सचा नोडू हा निर्देशांकही याच कुळातला. मात्र यात कुठलं विष ते कळत नाही. घाईत असाल तर हा मार्ग किलोपेक्षा बरा.

पुढे डेन्मार्क विषभारावरच आला. जुलै २०१३ पासून तिथला कीडनाशक कर मानवी आरोग्य, पर्यावरणातली वागणूक आणि इतर जीवांवरची विषाक्तता या तीन भागांच्या भारावर बसतो. जास्त भाराचं औषध महाग, कमी भाराचं स्वस्त. नवा कर लागण्याआधी शेतकऱ्यांनी जुना साठा भरून ठेवला आणि सुरुवातीच्या वर्षांचे विक्रीचे आकडे त्यामुळे फसवे झाले, हेही सांगायला हवं. म्हणून विक्रीपेक्षा फवारणी वहीवर भरवसा ठेवा, असं मी म्हणेन.

विषभार म्हटलं की सगळं ठीक, असंही नाही. युरोपीय संघाचा पहिला जोखीम निर्देशांक नावाने जोखमीचा आहे, पण आतून किलोच. विकलेल्या किलोंना १, ८, १६ किंवा ६४ ने गुणायचं, एवढेच चार गट. ग्रॅमवर चालणारं आणि किलोत लागणारं औषध एकाच गटात पडलं की पुन्हा वजनाचाच खेळ. शिवाय एखाद्या घटकाची मान्यता गेली की त्याचे जुने किलोही ६४ ने गुणले जातात. भूतकाळ जास्त भयानक दिसतो आणि घसरण आपोआप मोठी होते. २०२४ मध्ये शेतकरी आंदोलनानंतर फ्रान्सने नोडू मागे सारून हाच निर्देशांक पुढे आणला, तेव्हा वाईट वाटलं. तुमच्यापुढे कुणी ‘जोखीम निर्देशांक’ ठेवला तर आधी गुणक किती आहेत ते विचारा.

‘नैसर्गिक’ शब्दावर विसंबणाऱ्यांनाही विषभार सूट देत नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. गंधकाचा भार त्यात कमी निघतो, पण बुरशीवर फवारल्या जाणाऱ्या तांब्याचा तितका कमी निघत नाही. तांबं मातीत साठतं, विघटन होऊन नाहीसं होत नाही. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे ती उगीच नाही.

धोरणाच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलेल्या जैवविविधता आराखड्याचं सातवं लक्ष्य २०३० पर्यंत कीडनाशकांची एकूण जोखीम निम्म्यावर आणायचं आहे. तिथे शब्द ‘जोखीम’ आहे, वजन नाही. आणि इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तपकिरी तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू मारले जाताहेत, ही चिंता मुळाशी होती. अनुदान टप्प्याटप्प्याने काढलं, शेतीशाळा सुरू झाल्या. कुठलं औषध काय मारतं, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. मला हीच वाट पटते.

तुमच्याकडे सध्या फक्त किलोच असतील तर निदान गंधक, तांबं आणि खनिज तेलं वेगळ्या ओळीत दाखवा. बाकीच्यांना एकूण बेरजेत घ्या. एवढ्यानेही चित्र बरंच सुधारतं. आणि कुठलाही निर्देशांक घेतलात तरी फवारणाऱ्याच्या हातात हातमोजे होते का, नोझल गळत होतं का, हे त्यात येत नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

आमच्या वह्यांत आता औषधाचं नाव, मात्रा, तारीख यांच्याबरोबर दोन रकाने वाढलेत: ‘पीक फुलावर आहे का’ आणि ‘मित्रकीटक दिसले का’. विषभाराचा हिशेब आम्ही मागे बसून करतो, शेतकऱ्याला फक्त मधमाशी, मासा आणि माणूस असे तीन आकडे दाखवतो. वाटाण्याच्या त्या दोन वह्या नव्या तक्त्यात घातल्या तेव्हा मधमाशीच्या रकान्यात क्रम उलटला. तो कागद घेऊन मी पहिल्या वहीच्या मालकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून वहीत ठेवला, आणि म्हणाले, “मग गंधक चालू ठेवतो.”